दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा आधी नळांना निकेल चढवण्याचा आणि नंतर गाण्यांच्या तबकड्या छापण्याचा, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. डॉक्टरांनी पहिल्या गोष्टीचे प्रमाणपत्र दिले आहे आणि दुसऱ्या गोष्टीचे फोटो. माझ्यावर कुणाचे दडपण नाही, कुणी धाक घातलेला नाही, आणि गोड बोलून सही मिळवावी असे माझ्याकडे फारसे काही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलबाईंनी "दोन पानांत आटपा" असे बजावले होते. ते जमलेले नाही. मी फार दमलो आहे. आज थोडे, उद्या थोडे असे लिहायला घेतले तर उद्याचा भाग राहून जाईल, म्हणून एकदाच सगळे लिहितो.

एक. तळमजल्यावरचा छापखाना आणि त्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या, न्हाणीघरासकट, माझ्या मुलीला. ती माझे एकुलते एक अपत्य. जिन्याची सातवी पायरी सैल आहे. गेली वीस वर्षे ती मी "या रविवारी" बसवणार होतो. आता तीही तिची.

दोन. बँकेत जे असेल त्यातून आधी दवाखान्याचे आणि माझ्या शेवटच्या कार्याचे भागवावे. उरेल ते मुलीचे. फार उरणार नाही हे तिला ठाऊक आहे, पासबुक तिच्याच कपाटात असते.

तीन. हाताने चालणारा प्रेस, बॉयलर, कडा कापायचे यंत्र आणि काळ्या प्लॅस्टिकच्या दाण्यांची पोती, हेही मुलीला. गेली आठ वर्षे छापखाना तीच चालवते, मी फक्त खुर्चीत बसून नावे ठेवतो. तरी प्रेस घरात कसा आला ते लिहितो, कारण तिच्या जन्माआधीची गोष्ट आहे आणि तिने ती ठोक्याच्या तोंडून ऐकलेली आहे, म्हणजे चुकीची.

आमचा बँड तिघांचा. गाणी लिहिणारी आणि गाणारी माझी धाकटी बहीण. तिचा आवाज असा की लहानपणापासून घरात तिला भोंगाच म्हणत. ड्रमवर माझा शाळेपासूनचा मित्र, पेशाने सुतार; त्याला सगळे ठोक्या म्हणतात, दोन्ही कामांमुळे. बेस गिटार माझी. आम्ही चार कंपन्यांच्या पायऱ्या झिजवल्या. चौथ्या कंपनीतल्या साहेबांनी अर्धे गाणे ऐकून यंत्र बंद केले.

"बाई गातात छान," ते म्हणाले. "पण हे विकत कोण घेणार?"

"तुम्ही घ्याल का?" बहिणीने विचारले.

"मी?" ते हसले. "मी घेईन हो."

"मग एक तर झाला," ती म्हणाली आणि उठली.

खाली रस्त्यावर आल्यावर तिने माझ्याकडे बघून सांगितले, "दादा, आपणच छापू." जसे काही जेवणाची पाने घेण्याबद्दल बोलत होती. त्या वर्षी लोक कॅसेटी घेत होते आणि तबकड्यांचा एक जुना कारखाना बंद पडत होता. तिथला सर्वांत लहान प्रेस भंगारवाल्याने हातगाडीवर चढवला होता, तो आम्ही वाटेतच उतरवून घेतला. ठोक्याने त्याच्यासाठी लाकडी चौथरा केला. भंगारवाल्याला आमची दया आली असावी. त्याने दोरखंड फुकट दिला.

छापणे म्हणजे काय, ते आम्हाला आधी तोंडीच माहीत होते. लाखेच्या तबकडीवर सुईने गाणे कोरायचे. त्या लाखेवर निकेलचा जाड थर चढवून तो सोलून काढायचा; तो झाला साचा. दोन बाजूंचे दोन साचे प्रेसमध्ये बसवायचे, मध्ये तापलेल्या प्लॅस्टिकचा गोळा ठेवायचा, वाफ सोडायची, दाबायचे, मग थंड पाणी फिरवून उघडायचे. सांगायला अर्धे मिनिट लागते. पहिली धड तबकडी निघायला आम्हाला सात आठवडे लागले. आधीच्या काही वाकड्या निघाल्या, काहींच्या कडेला प्लॅस्टिक पोचलेच नाही, काहींच्या लेबलांना फोड आले. लेबले छापण्याआधी भट्टीत भाजून कोरडी करायची असतात हे कुणी सांगितलेच नव्हते. मुलीला माझी सूचना एवढीच की हा प्रेस कुणा हॉटेलवाल्याला दारात शोभेला ठेवायला देऊ नये. चालेल तोवर चालवावा, मग वितळवायला द्यावा.

चार. माझी बेस गिटार ठोक्याला. त्याने ती शिकण्याचा प्रयत्न करू नये. नुसती हातात धरून बसावे, म्हणजे बाकीच्यांना ताल सांभाळताना काय होत असे ते कळेल. पहिल्या तबकडीच्या तिसऱ्या गाण्यात त्याचा ड्रम एका जागी पुढे पळतो. गेली पस्तीस वर्षे कुणी विचारले की तो "ती शैली आहे" असे सांगतो आणि मी मान डोलावतो. आज शपथेवर लिहितो की ती चूक होती. बाकी त्याच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. प्रत्येक तबकडीसाठी त्याने खोकी केली, बॉयलरची भिंत बांधली, माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारपणात चार महिने प्रेस एकट्याने चालवला. माणूस म्हणून तो कधीच पुढे पळाला नाही.

पाच. आता जे लिहायचे आहे ते माझ्या जिवावर येते, पण ते लिहिण्यासाठीच बसलो आहे.

पहिल्या तबकडीचे साचे मी आमच्या नळांच्या कारखान्यात केले. सुट्टीच्या दिवशी एक टाकी मोकळी असे. मालकांना मी विचारले नव्हते, पण त्यांना सुगावा लागला होता; एकदा जाता जाता म्हणाले, "तुमच्या नळातून पाण्याऐवजी गाणं येणार म्हणे." आणि पुढे निघून गेले. भला माणूस.

निकेल चढायला कित्येक तास लागतात. मध्ये वीज गेली किंवा साचा वेळेआधी उचलला तर थरावर थर नीट बसत नाही, पापुद्रा सुटतो, आणि तोवर खालची लाखही कामातून गेलेली असते. म्हणजे गाणे पुन्हा कोरून घेणे आले.

त्या दिवसांत आई तीन आठवडे इस्पितळात होती. बहीण दिवसा तिथे बसे, मी कारखान्यातून सुटल्यावर जाई. तो रविवार होता. पहिल्या बाजूचा साचा टाकीत होता आणि अजून दीड तास लागणार होता. अडीच वाजता फाटकावरच्या चौकीदाराने येऊन सांगितले, "तुमच्या बहिणीचा फोन होता. लगेच या म्हणाल्या."

मी म्हणालो, "येतो म्हणावं."

आणि टाकीपाशी बसून राहिलो. चौकीदार एकदा परत येऊन दारात उभा राहिला. "साहेब, त्या रडत होत्या," तो म्हणाला. मी घड्याळाकडे बघून म्हणालो, "झालंच." दीड तास तसाच होतो. साचा उचलला, धुतला, पुसला, कागदात गुंडाळला. तो फार सुंदर निघाला होता. मग बस धरली. इस्पितळ तासाभराच्या अंतरावर होते. मी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि खाटेवरची चादर बदललेली होती.

बहिणीला मी सांगितले की कारखान्यात मोठी ऑर्डर होती, मालकांनी सोडले नाही. तिने मान हलवली.

आई ~~साडेतीन~~ पावणेचार वाजता गेली.

(वरील खाडाखोड माझ्या बहिणीने हे कागद वाचताना स्वतःच्या हाताने केली आहे व बाजूला तिची आद्याक्षरे आहेत. तो आकडा मी कुणाला विचारून लिहिला नव्हता. इस्पितळाचे कागद तिनेच सांभाळले. पण तो डोक्यात धरून मी पस्तीस वर्षे असा हिशेब करत आलो, की अडीचला निघून साडेतीनला पोचलो असतो, म्हणजे तरीही उशीरच झाला असता. दुरुस्ती मला मान्य आहे. पंधरा मिनिटे होती.)

सहा. माझ्या जावयाने लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझ्या एका तबकडीला काटे लावून भिंतीवरचे घड्याळ केले आणि मला वाढदिवसाला भेट दिले. मी "वा" म्हणालो. तो वाईट माणूस नाही, मुलीला जपतो, चहा माझ्यापेक्षा चांगला करतो. छापखान्याच्या मागच्या खोलीत बिघडलेल्या तबकड्यांची दोन खोकी आहेत, ती जावयाला. त्याने हवी तितकी घड्याळे करावीत. चांगल्या तबकड्यांना हात लावू नये.

एका मासिकात आमच्या पहिल्या तबकडीबद्दल छापून आले होते की "बेस गिटार ऐकूच येत नाही." लिहिणाऱ्याला मी तेव्हा पाच पानी पत्र धाडले होते. ते पत्र मी परत घेतो. ऐकू येत नव्हतीच.

सात. पहिली तबकडी तीनशे छापली आणि तीनशे खपली. बहुतेक आम्हीच गावोगावी कार्यक्रम करून दारात विकल्या. त्यानंतर चार वर्षांनी दुसरी केली. गाणी तयार झाल्यावर बहीण म्हणाली, "एक आणखी आहे. आईवरचं."

तिने ते चार वर्षे कुणाला दाखवले नव्हते. सात मिनिटांचे गाणे. आम्ही ते एकदाच, न थांबता ध्वनिमुद्रित केले. त्यात अशा ओळी होत्या:

तीनदा बघितलं आईने दाराकडे,
चौथ्यांदा ती भिंतीकडे वळली.

वाजवताना माझी बोटे चालत होती. मला वाटले हिला सगळे कळले आहे आणि आता ती ते पाचशे घरांत नेऊन वाजवणार आहे.

लाखेवर कोरण्याचे काम एक म्हातारे गृहस्थ करत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. हात सोन्याचा. त्यांच्याकडे मी एकटा गेलो. ते गाणे घातले तर दुसरी बाजू सव्वीस मिनिटांची होत होती. बाजू जितकी लांब तितक्या रेघा दाटीने कोराव्या लागतात आणि आवाज खाली येतो. मी म्हणालो, "मास्तर, हे बसणार नाही ना?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बसेल की. आवाज जरा बारीक होईल. एक काम करतो, लाखेची एक तबकडी या गाण्यासकट कोरतो, दुसरी त्याच्याशिवाय. दोन्हींचे साचे करा, ऐका आणि ठरवा."

कोरलेली लाख फार दिवस टिकत नाही, म्हणून मी दोन्हींवर निकेल चढवले. दोन्हींच्या एकेक तबकड्या दाबून ऐकल्या. बसले होते. चांगले बसले होते.

बहिणीला मी सांगितले, "मास्तर नाही म्हणाले. शेवटचं गाणं बसत नाही."

"काहीच करता येणार नाही?"

"मास्तरांनीच हात टेकले."

"बसत नसेल तर जाऊ दे," ती म्हणाली.

पाचशे छापल्या, त्या गाण्याशिवाय. पहिली तबकडी पाकिटात घालून तिच्या हातात दिली तेव्हा तिने मागे छापलेली गाण्यांची नावे बोटाने वरून खाली वाचली आणि पाकीट पिशवीत ठेवले. त्या वर्षाचे कार्यक्रम तिने पुरे केले. मग म्हणाली, "दादा, आता मला कंटाळा आला." डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर तिला नोकरी लागली. तिथे तिने पंचवीस वर्षे काढली. पुन्हा गायली नाही, आंघोळ करतानाही नाही, असे तिच्या शेजारणी सांगतात. मी दर रविवारी तिच्याकडे चहाला जात राहिलो. हवा, गुडघे, भाजीचे भाव, माझ्या मुलीच्या परीक्षा यांवर आम्ही बोलत असू.

त्या लांब बाजूचा साचा मी तेल लावलेल्या कागदात बांधून कपाटाखाली सरकवला. फेकून द्यायचा धीर झाला नाही आणि पुन्हा दाबून बघायचाही नाही.

आठ. गेल्या वर्षी डॉक्टरांनी फुप्फुसांबद्दल सांगितले. निकेलची वाफ, ते म्हणाले. घरी येऊन मी साचा बाहेर काढला, ठोक्याला बोलावले आणि मुलगी बाहेरगावी असताना आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी बॉयलर पेटवला. साचा तसाच होता, एक डाग नाही. सोळा तबकड्या दाबल्या, बारा धड निघाल्या. पहिली गार झाली तशी मी सुई तिच्या शेवटच्या गाण्यावर ठेवली.

ठोक्या तिसऱ्या मिनिटाला म्हणाला, "हे तर ते गाणं." मग म्हणाला, "तू म्हणालास मास्तर नाही म्हणाले."

"मास्तर हो म्हणाले होते."

त्याने उठून वाफेचा कॉक बंद केला. परत येऊन खोक्यावर बसला. मला वाटले आता हा शिव्या घालणार. त्याने घातल्या नाहीत, आणि ते जास्त लागले.

"तिला नेऊन दे," एवढेच म्हणाला. "आणि तोंडाने सांग. नुसती तबकडी दारात ठेवून पळू नकोस."

मला ते करायला अकरा महिने लागले. मागल्या महिन्यात एका दुपारी गेलो. बहीण खुर्चीत बसून लसूण सोलत होती. मी तबकडी टेबलावर ठेवली आणि मास्तरांचे सगळे सांगितले. ती सोलतच राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मास्तर मोतीबिंदूला आले होते. माझ्याच खिडकीवर. म्हणाले, तुमचं ते लांब गाणं मी बसवून दिलं होतं, कसं वाटलं?"

"कधी?"

"झाली असतील पंचवीस वर्षं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू दर रविवारी येऊन चहा पीत होतास. तेही बंद झालं असतं."

मला तिथेच थांबता आले असते. पण ठोक्याने सांगितलेले निम्मेच झाले होते, आणि टाकीचे तर त्यालाही ठाऊक नव्हते. ते मी सांगितले. ऑर्डर नव्हती, मालकांनी अडवले नव्हते. टाकीत आपली तबकडी होती.

लसणाची पाकळी तिच्या हातात तशीच राहिली.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग तिने विचारले, "कुठली बाजू?"

"पहिली."

"म्हणजे ज्यात मी हसत हसत सुरुवात करते, ती."

"हो."

"तू आता जा, दादा."

मी गेलो. त्यानंतरच्या तीन रविवारी तिने दार उघडले नाही. तिसऱ्या रविवारी परत येऊन हे कागद लिहिले आहेत.

नऊ. वर सांगितलेला निकेलचा साचा, त्याच्या उरलेल्या अकरा तबकड्या आणि बँडचा जुना मायक्रोफोन, हे सर्व माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे, ती माझ्या दारात पुन्हा येवो अथवा न येवो. त्याचे काय करायचे ते तिने ठरवावे.

(कलम नऊ रद्द. यापुढील मजकूर आज, सही करण्याच्या दिवशी, सर्वांच्या समोर लिहीत आहे. लेखणी वारंवार खाली ठेवावी लागते म्हणून अक्षर बिघडले आहे.)

आज सकाळी वकीलबाई आणि डॉक्टर आले. दुसरे साक्षीदार म्हणून समोरचे शिंपी येणार होते, त्यांना ताप आला. आम्ही काय करावे असा विचार करत होतो तोच जिन्यावर पावले वाजली. मुलीने आत्याला दिवस कळवला होता. आत्या "मी यायची नाही" म्हणाली होती. ती आली. मला न विचारता खाली छापखान्यात गेली आणि तिथून हाक मारली, "लावून दे."

मला धरून खाली नेले. त्या गाण्यावर सुई ठेवली. सातही मिनिटे ती प्रेसला टेकून उभी होती.

"इतकी रागावले होते मी?" ती म्हणाली.

"मला ते खरं वाटलं. खरंच होतं."

"तू यायला हवं होतंस हे खरंच आहे. ते मी काही मागे घेत नाही." तिने सुई उचलून बाजूला ठेवली. "पण तिने दाराकडे बघितलं ते कशासाठी, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? नर्स पाणी आणायला गेली होती. आईला तहान लागली होती. तुझी वाट बघत असेल, पाण्याची बघत असेल. मी चिडलेली होते, मी तुझं लिहिलं."

तिने स्टूल पुढे केले.

"हे गाणं चारचौघांत नको, दादा. निदान मी आहे तोवर."

वर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "या ताई साक्षीदार म्हणून चालल्या असत्या. पण यांना तुम्ही नवव्या कलमात वस्तू दिल्या आहेत. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष देऊ नये."

"मग माझं नाव काढा," बहीण म्हणाली.

"अहो, म्हणजे तुम्हाला काहीच मिळणार नाही."

"समजलं मला."

मी म्हणालो, "अगं, साचा तुझा आहे. गाणं तुझं आहे."

"गाणं माझं आहेच, ते तू कागदावर लिहून मला कसं देणार? आणि तो पत्रा घेऊन मी ठेवू कुठे?" मग वकीलबाईंना म्हणाली, "तो सही करताना कुणीतरी जवळ बसायला लागतं ना? मी बसते."

वकीलबाईंनी समजावले की साक्षीदाराने आतला मजकूर वाचण्याची काही गरज नसते, सही होताना पाहिली की पुरे. बहीण म्हणाली, "मी वाचणार." तिने चष्मा लावला आणि खिडकीपाशी बसून पहिल्या पानापासून वाचायला घेतले. डॉक्टरांना दुसरीकडे जायचे होते, तरी ते थांबले. मुलीने दोनदा चहा केला. पाचव्या कलमाशी बहिणीने माझी लेखणी मागून घेतली आणि वर दाखवलेली दुरुस्ती केली. तेवढे करून पुढचे पान उलटले.

सबब कलम नऊ ऐवजी असे: साचा, तबकड्या व मायक्रोफोन मुलीकडे राहावेत. साचा तेलाच्या कागदात ठेवावा. माझी बहीण जे सांगेल ते त्याचे करावे. ती काहीच सांगणार नसेल तर काहीच करू नये, आणि तिला विचारून विचारून बेजार करू नये.

दहा. मी गेल्यावर माझी तबकडी लावू नये. लोकांना उभे राहून ऐकावे लागते आणि गुडघे सगळ्यांचेच दुखतात. त्या दिवशी छापखाना बंद ठेवण्याचीही गरज नाही. कुणाच्या तबकड्या वेळेवर द्यायच्या असतील तर त्या छापाव्यात. पण बॉयलरपाशी असताना घरून निरोप आला, तर वाफ बंद करावी आणि निघावे. माल वाया जाऊ द्यावा. ही सूचना नसून अट आहे.

एवढेच. यात जे दिले आहे ते राजीखुशीने दिले आहे. जे कबूल केले आहे ते कुणी कबूल करायला लावलेले नाही. प्रत्येक पानावर खाली मी सही केली आहे, आणि शेवटची इथे करतो.

ठिकाण: राहते घर, जिन्यावरची पुढची खोली
दिनांक: अकरा फेब्रुवारी, सन दोन हजार पंचवीस

(सही)
लिहून ठेवणार

साक्षीदार पहिले: लिहून ठेवणाऱ्यावर उपचार करणारे डॉक्टर. लिहून ठेवणारे शुद्धीत आहेत, त्यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरे: लिहून ठेवणाऱ्याची धाकटी बहीण. मजकूर पूर्ण वाचला. दादाने माझ्यासमोर सही केली. कागद मी धरला होता. (सही)